राहा की अजून चार दिवस

जयप्रकाश परुळेकरच्या तोंडाला एक खोड होती. दारातून माणूस निघाला की त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं, "एवढ्यात कुठे निघालात? राहा की अजून चार दिवस!" कोकणात असं म्हणायची रीतच आहे, त्यात काही वावगं नाही. म्हणणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, की हे नुसतं म्हणायचं असतं. ऐकणारा "छे छे, घरी कामं पडलीत" म्हणतो, चपला घालतो आणि सुटतो. पण जयप्रकाशने ही खोड नेली ओमानला, सलालाहला, आणि तीही एका रिसॉर्टच्या फाटकावर! आता काय सांगावं या माणसाला.

त्या रिसॉर्टचं नाव होतं 'करिबियन लगून फॅमिली बीच रिसॉर्ट'. सलालाहच्या समुद्रकाठी नारळीच्या बागा आहेत. नारळ पाहून कुणाला केरळ आठवेल, कुणाला वेंगुर्ला. मालकाला आठवलं करिबियन. मग काय, वाळूत सिमेंटचं चाच्यांचं जहाज बांधलं, भिंतींवर पोपट रंगवले, आणि चितगावच्या सिराजला फुलाफुलांचा शर्ट घालून लोखंडी ढोल बडवायला उभं केलं. लॉबीत सोनेरी अक्षरांची पाटी लावली, 'पाहुण्यांची प्रत्येक अपेक्षा पूर्ण केली जाईल'. ती पाटी लावणारा गेला निघून, आणि अपेक्षा पूर्ण करायच्या राहिल्या जयप्रकाशच्या गळ्यात. तो होता गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांची मर्जी राखायच्या कामावर.

आणि अपेक्षा तरी कसल्या! एका जर्मन बाईंची तक्रार होती की किनाऱ्यावर उंट फिरतात, करिबियनमध्ये उंट कसे? जयप्रकाशने उंटवाल्याच्या हातापाया पडून उंट लांब पिटाळले, तर दुसऱ्या दिवशी दुबईहून आलेलं कुटुंब रुसून बसलं की उंट कुठे गेले, मुलांना काय दाखवायचं. एकाने सिमेंटच्या जहाजातून सफर मागितली. जहाज हलत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग इंजिन दुरुस्त करा, आम्ही थांबतो." आणि बिचारा खरोखर सुकाणूपाशी जाऊन बसला. जयप्रकाश सगळ्यांना "नो प्रॉब्लेम" म्हणायचा आणि घाम पुसायचा.

असं सगळं सोसत तो सात वर्षं टिकला, त्याला कारण होतं. रिसॉर्टचा नियम होता की जुन्या माणसाच्या बायकामुलांना एकदा, मे महिन्याच्या मंदीत, आठवडाभर एक खोली मिळते, तीही समुद्राकडची. यंदा ती जयप्रकाशला मिळाली होती. कुडाळहून किशोरी आणि दहा वर्षांची अंतरा येणार होत्या. दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी जाणारा बाप तो, लेक त्याला ओळखायची ती मुख्यतः फोनच्या पडद्यावरून. अंतराने तर वर्गात जाहीर केलं होतं की मी मे महिन्यात करिबियनला जाणार. बाईंनी नकाशात करिबियन दाखवलं, तर ही म्हणाली, ते जुनं असेल, बाबांचं ओमानला आहे. जयप्रकाश ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटायचा. एकशे बारा नंबरची ती खोली त्याने स्वतः निवडली होती. खिडकीतून सरळ समुद्र दिसायचा. बाकीची अख्खी विंग रंगकामाला काढलेली, तेव्हा दुसरी खोली मिळायचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी त्या दोघी यायच्या होत्या. गुरुवारी एकशे बारातले पाहुणे निघाले. रामकृष्ण आगाशे आणि त्यांच्या पत्नी प्रेमाताई, मूळचे डोंबिवलीचे. मुलगा कौशिक मस्कतला मदिनत सुलतान काबूस या वस्तीत राहतो, त्याच्याकडे दोन महिन्यांसाठी आलेले. टॅक्सी उभी होती, बॅगा लागल्या होत्या. सात वर्षांत पहिल्यांदाच कुणी जाताना "येतो हं" असं म्हणालं. हे मराठी "येतो हं" कानावर पडलं आणि जयप्रकाश पाघळला.

"एवढ्यात कुठे निघालात काका? राहा की अजून चार दिवस!"

रामकृष्णरावांनी बायकोकडे पाहिलं. प्रेमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"छे हो, तुम्हाला उगाच त्रास," प्रेमाताई म्हणाल्या.

इथे तरी गप्प बसावं ना! पण रीत म्हणजे रीत. पाहुण्याने एकदा नको म्हटलं की यजमानाने दुसऱ्यांदा म्हणायचंच असतं. "त्रास कसला काकू? आपलंच घर आहे!"

"नको, नको, फार दिवस झाले."

"फार कुठले? आलात काय नि चाललात काय. माझं ऐका, राहाच!"

झालं. तीनदा आग्रह झाला. तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. रामकृष्णरावांनी टॅक्सीवाल्याला हात दाखवला, "खलास भाई, कॅन्सल!" आणि बॅग उचलून चालू लागले. प्रेमाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुम्हाला म्हणून सांगते," त्या हळूच म्हणाल्या, "कौशिकचे सासूसासरे आलेत. घर लहान पडतं, म्हणून आम्हाला इकडे पाठवलंन. ते अजून दहा दिवस आहेत. जायचं जिवावर आलं होतं हो!"

जयप्रकाश फाटकावर तसाच उभा राहिला. त्याच्या पायांखालची वाळू सरकली. सरळ सांगता आलं असतं की काकू, मी नुसतं म्हटलं, खोली माझ्या बायकोची आहे. पण बाहेरच्या पाहुण्याला उठवून आपली माणसं बसवायची, असलं कर्म परुळेकरांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्याच्या घरी पाहुणा जेवून हात धुवेपर्यंत घरातलं पोर भातावर हात ठेवत नसे. कॉम्प्युटरवर एकशे बारा गुरुवारपासूनच जयप्रकाशच्या नावाने भरलेलीच दिसत होती, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही.

मग त्याने आडवळणाने प्रयत्न सुरू केले.

गुरुवारी दुपारीच तो काकांना म्हणाला, "मस्कतला आता हवा छान झाली असेल, नाही?"

"पंचेचाळीस डिग्री," रामकृष्णराव म्हणाले. "इथेच बरं."

मग त्याने एकशे बाराचा एसी बिघडवला. देवाची क्षमा मागून वायर काढली. संध्याकाळी प्रेमाताई शोधत आल्या आणि म्हणाल्या, "किती लक्ष ठेवता हो तुम्ही! त्या गार वाऱ्याने ह्यांचे गुडघे धरत होते, कालपासून सांगेन सांगेन म्हणत होते." शेवटी त्याने सिराजला पटवलं आणि शुक्रवारी पहाटे खिडकीखाली लोखंडी ढोल वाजवायला लावला. दहा मिनिटांनी जाऊन बघतो तर रामकृष्णराव बाल्कनीत मांडी घालून टाळ्या वाजवत अभंग म्हणतायत, आणि सिराज बेटा तल्लीन होऊन ठेका देतोय. दोन रशियन पाहुणे फोटो काढत होते. त्यांना वाटलं, करिबियन प्रार्थना चाललीय.

प्रेमाताई तर एव्हाना घरच्याच झाल्या होत्या. पाहुणे म्हणून कुणाकडे राहिलं तर हातावर हात ठेवून बसायचं नाही, ही त्यांची शिस्त. सकाळी उठून चादरी झटकायच्या, बाथरूम घासायचं. खोल्या झाडणारा साताऱ्याचा तानाजी फुरंगटून बसला की या बाईंनी मला कामच ठेवलं नाही, मी काय तोंड बघायला आलोय? मग त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आचाऱ्याच्या शेजारी बसून कोथिंबीर निवडू लागल्या. शुक्रवारी दुपारी त्यांनी बेसनाचे लाडू वळले आणि पहिला लाडू नेऊन दिला थेट मॅनेजरला.

मॅनेजर महमूद सलालाहचाच. उंच, कडक इस्त्रीचा पायघोळ दिशदाशा, कपाळाला कायम आठी. नियमांना त्याच्यापुढे उभं राहायची भीती वाटावी असा माणूस. त्याने लाडू खाल्ला, दुसरा घेतला, आणि जयप्रकाशला बोलावून विचारलं, "हे लोक कधी जाणार?"

"इन्शाल्ला, लवकरच, सर."

महमूदकडेही रीत होतीच की, पाहुण्याला कधी जाणार म्हणून विचारायचं नाही. इतकंच काय, आपण नोकराला विचारलं याचीही त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने तिसरा लाडू उचलला आणि विषय बंद केला. आली का पंचाईत! हाकलणारा एकच माणूस होता, तोही पाघळला.

शनिवार उजाडला. विमानतळावर अंतरा बापाकडे धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. पडद्यावरचा बाप आणि हा बाप मापाने जुळत नव्हते. मग तिने हात पुढे केला. जयप्रकाशने लेकीशी हस्तांदोलन केलं. काय करणार, तोही गांगरला होता.

रिसॉर्टच्या लॉबीत महमूद उभाच होता. नियम असा की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात शिंपल्यांचा हार घालायचा आणि "वेलकम टू द करिबियन, मॅडम" म्हणायचं. पाहुणी बायको असली म्हणून नियम बदलत नाही. जयप्रकाशने किशोरीच्या गळ्यात हार घातला. लग्नानंतर दुसऱ्यांदा, आणि तोही चारचौघांत.

"वेलकम टू द करिबियन, मॅडम."

किशोरी लाजून लाल झाली. "ह्या काय ओ? लोक बघतत!"

"गप ऱ्हव गो, साहेब बघतत," तो कुजबुजला.

एकशे बाराच्या दारापाशी त्याने कसाबसा धीर केला. "किशोरी, आत थोडी माणसं आसत."

दार उघडलं ते प्रेमाताईंनी. "या, या! किती लांबून आलात! आधी हातपाय धुवा, मी चहा टाकते." किशोरी बावचळली, पण तिचे पाय बाथरूमकडे वळलेसुद्धा. एवढ्यात अंतराने मोठ्याने विचारलं, "बाबा, ही आपली रूम ना? मग हे कोण?"

आता लपवणार काय? रामकृष्णरावांना सगळं कळलं आणि त्या भल्या माणसाचा चेहरा पडला. "अरे देवा! अहो, मग बोलायचं नाही का? प्रेमा, बॅग भर!" त्यांनी कपाट उघडून कपडे बॅगेत कोंबायला सुरुवात केली. किशोरीने ते बाहेर काढायला सुरुवात केली. "नाही हो काका, तुम्ही राहा. आमच्यामुळे तुम्ही जायचं म्हणजे आम्हाला पाप लागेल." काका एक सदरा आत टाकत, किशोरी दोन बाहेर काढत. प्रेमाताई म्हणाल्या, "आम्ही खाली बाकावर झोपू." किशोरी म्हणाली, "आमी जहाजात झोपतलो." तासभर हे चाललं. अंतरा पलंगावर बसून बिस्किटं खात दोन्हीकडे बघत होती. शेवटी सगळे दमले म्हणून तह झाला की पलंगावर बायका आणि पोर, सोफ्यावर काका. पाचव्या माणसाचा विचार कुणीच केला नाही.

करायचा प्रश्नच नव्हता म्हणा. कारण नियमाची दुसरी ओळ जयप्रकाशला माहीत होती आणि किशोरीला माहीत नव्हती. खोली कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मिळते, कर्मचाऱ्याला नाही. वर्दीतल्या माणसाने पाहुण्यांच्या खोलीत बसायचं नाही, त्यांच्या टेबलावर जेवायचं नाही, वाळूत त्यांच्याबरोबर किल्ले करायचे नाहीत. रजा मागितली होती, मिळाली नाही. तो झोपणार लाँड्रीमागच्या खोलीत, सहा जणांत. इतकी वर्षं त्याने हे सगळं गिळलं होतं, मनात एकच धरून की दोघी निदान डोळ्यांसमोर तरी असतील.

आणि डोळ्यांसमोर त्या होत्याच! त्याचाच तर छळ झाला. सकाळी नाश्त्याला दोघी काका-काकूंबरोबर बसायच्या आणि हा चार टेबलं सोडून कुणाची तरी तक्रार ऐकत उभा. अंतराने पहिल्या दिवशी मोठ्याने "बाबा!" अशी हाक मारली. सगळे वळले, महमूदच्या कपाळावरची आठी खोल गेली. पोरगी हुशार. दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला आणि म्हणाली, "एक्सक्यूज मी." जयप्रकाश टेबलापाशी गेला. "येस, मॅडम?" तिला काही नको होतं. नुसतं बघायचं होतं, येतो का. तो परत वळला आणि थेट भटारखान्यात शिरून कांद्याच्या पोत्यापाशी उभा राहिला. तानाजीने विचारलं, कांदा लागला का डोळ्यांत? हा म्हणाला, होय. कांदे अजून पोत्यातच होते.

समुद्रावर अंतराचे किल्ले रामकृष्णराव करून द्यायचे. जहाजाचं सुकाणूही तेच फिरवायचे. तिसऱ्या संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "आजोबा, बाबा आपल्याकडे का येत नाहीत? रागावलेत का?"

म्हाताऱ्याला ते सहन झालं नाही. तो तडक लॉबीत गेला, सोनेरी पाटीखाली उभा राहिला आणि महमूदला म्हणाला, "मिस्टर महमूद, आय हॅव वन एक्स्पेक्टेशन."

महमूद उठून उभा राहिला. अपेक्षा म्हटली की त्याला उठावंच लागे.

"माझी अपेक्षा अशी," रामकृष्णराव आपल्या बँकेतल्या नोकरीच्या इंग्रजीत बोलू लागले, "की उद्या चार वाजता माझ्या खोलीत एक पाहुणा चहाला यावा. पाहुण्याला पाहुणा चालतो ना?"

"चार ते सहा चालतो. कोण?"

"जयप्रकाश."

महमूदने पाटी पुन्हा एकदा वाचली. प्रत्येक अपेक्षा. त्यात 'ही सोडून' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने जयप्रकाशला बोलावलं. "पाहुण्याची अपेक्षा आहे की तू पाहुणा व्हावंस," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला. "ही तुझी ड्यूटी आहे. वर्दी काढून जायचं. पाहुण्यासारखं वागायचं. कामात हात घातलास तर बघ!"

दुसऱ्या दिवशी चार वाजता जयप्रकाशने एकशे बाराची बेल वाजवली. अंगात रामकृष्णरावांचा रेघारेघांचा बुशशर्ट, पोटावर सैल. हातात भेट म्हणून केळी, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं? दार अंतराने उघडलं. "या, बसा," ती म्हणाली. काकूंनी शिकवून ठेवलं होतं.

"आम्ही जरा पाय मोकळे करून येतो," रामकृष्णराव म्हणाले, आणि दोघं म्हातारी नवराबायको इतक्या लगबगीने बाहेर पडली की काकूंची एक चप्पल आतच राहिली.

दार लागलं. खोलीत तिघंच उरली. ज्या क्षणासाठी त्याने सात वर्षं उंट हाकलले होते तो क्षण आला, आणि जयप्रकाश खुर्चीच्या कडेवर बसला. सोफ्यावरची उशी वाकडी होती, ती सरळ करायला त्याचा हात गेला, त्याने तो मागे घेतला. अंतरा त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसली.

"मग," त्याने घसा साफ केला, "तुमचा स्टे कसा चाललाय? काही कमी-जास्त?"

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःचीच चीड आली. पण अंतराने नीट विचार करून उत्तर दिलं, "सगळं छान आहे. फक्त बाबा कमी आहेत."

किशोरीने पाठ वळवली. तिने किटलीतलं पाणी कपात ओतलं, चहाची पुडी बुडवली, दूध घातलं. घरी ती एकाच पातेल्यात सगळं उकळायची, विचारायची वेळच यायची नाही. इथे साखर वेगळ्या पुड्यांतून. तिने पुड्या हातात घेतल्या आणि थांबली.

"साखर किती घालू?"

"तुका ठावक नाय?"

"आदी ठावक होता," किशोरी म्हणाली. आवाज तिचाच होता पण घरात आलेल्या माणसाशी बोलावं तसा जपून होता. "आता तुमी काय खातास, काय नाय, माका कसा कळतला?"

रिसॉर्टच्या डॉक्टरने त्याची साखर बंद केली होती त्याला दीड वर्ष झालं होतं. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण फोनवर कुणी असलं सांगतं का?

"आदी किती घालीस गो?" त्याने विचारलं.

"तीन."

"मगे तीनच घाल."

तिने तीन पुड्या फोडून घातल्या आणि ढवळून कप त्याच्या हातात दिला. अंतरा उठून त्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली, तो खरंच पितो का ते बघायला. चहा गोडमिट्ट होता, घशाखाली उतरेना. जयप्रकाशने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि अजून हवा म्हणून कप परत पुढे केला.